टेकडीवरचा डबा

“आई, ते टोपीवाले आजोबा आज पण असतील का गं?”

प्रणयनं तोंडात पोह्यांचा घास असतानाच विचारलं आणि सायलीच्या हातातली पाण्याची बाटली निसटता निसटता राहिली.

“कोण आजोबा?” सोमनाथनं विचारलं. तो ओट्यापाशी थर्मासमध्ये चहा ओतत होता.

“देवळाचे पुजारी असतील,” सायली म्हणाली. “टेकडीवरचे.”

“असतील,” सोमनाथ म्हणाला आणि त्यानं थर्मासचं झाकण आवळलं.

रविवारचा चहा सोमनाथनं करायचा, हा घरातला नवा नियम. आलं ठेचून घालायचं आणि साखर अजिबात नाही. पोट कमी करायचंय म्हणे. परत येताना मात्र हाच गडी चिकलठाण्याला थांबून पाव किलो जिलबी फस्त करायचा. सायलीनं त्यावर बोलणं सोडून दिलं होतं.

डबे शोधायचा नादही त्यानंच लावला. कुणीतरी कुठंतरी एक डबा लपवून ठेवतं, मोबाईलवर बाण दिसतो, त्या बाणाच्या मागं जाऊन तो शोधायचा. डब्यातली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची. दिवाळीनंतर तिघं सायकलींवर हर्सूलच्या तलावापर्यंत जाऊन आले, हिमायत बागेत हिंडले. मग सोमनाथनं ही टेकडी काढली. इथला डबा मोबाईलवर नव्हता. कारखान्यातल्या एका मित्रानं लपवलाय, एवढंच तो म्हणाला. तेव्हापासून दर रविवारी तीच टेकडी, कारण त्या डब्यात दर वेळी काहीतरी नवं निघायचं. कधी भोवरा, कधी मूठभर बोरं, एकदा तर लाकडाचा कोरलेला बैल.

टेकडी शेंद्र्याच्या अलीकडं होती आणि शेंद्र्यात सायलीचे सासरे पुंजाराम एकटे राहत होते. बापलेकांचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. चुलतभावाच्या लग्नात, भर मांडवात, शेती सोडून कारखान्यात गेलेल्या मुलाला पुंजारामनं नाही नाही ते सुनावलं. मुलानं उलट उत्तर दिलं. बापानं हात उचलला. पुन्हा तोंड बघणार नाही, असं दोघंही म्हणाले आणि दोघंही शब्दाला पक्के निघाले. तेव्हा प्रणय चार वर्षांचा होता. आजोबा दिसतात कसे, हेही पोर विसरून गेलं. सायलीला हे फार लागायचं.

म्हणून टेकडी बघून आल्यावर तिनं नवऱ्याला न सांगता सासऱ्यांना फोन केला होता. तेव्हापासून पुंजाराम दर रविवारी आधीच वर येऊन बसायचे. झाडाच्या ढोलीतल्या डब्यात नातवासाठी काहीतरी ठेवायचे आणि देवळाच्या मागून त्याला बघत राहायचे.

नशीब एवढंच, की सोमनाथ वर यायचाच नाही. टेकडी आली की त्याचा गुडघा दुखू लागायचा. तासभर सायकल मारताना ठणठणीत असलेला गुडघा नेमका पायवाटेपाशी कसा काय धरतो, हे त्या महादेवालाच ठाऊक. तो खाली लिंबाच्या झाडाखाली टेकडीकडं पाठ करून बसायचा आणि निघताना थर्मास तिथंच दगडावर विसरायचा. पुढच्या रविवारी तो जागच्या जागी मिळायचा, म्हणून बरं. घरात दोन थर्मास होते, एक जायचा तेव्हा दुसरा यायचा.

इतक्या विसराळू माणसापासून काही लपवणं अवघड नव्हतं. तरी सायलीचा जीव टांगणीला असायचा. त्याला कळलं तर टेकडी बंद, आणि पोराला आजोबा पुन्हा दिसायचे नाहीत. आज तर पोरानं तोंड उघडलंच होतं.

टेकडी आली. लिंबाखाली सायकल लावून सोमनाथनं गुडघा चोळला. “तुम्ही व्हा पुढं,” म्हणाला.

वर पोचल्यावर प्रणय ढोलीकडं धावला. सायली देवळामागं गेली. पुंजाराम काठी आडवी टाकून बसले होते.

“मामा, प्रणय आज घरात बोलला. टोपीवाले आजोबा म्हणाला, यांच्यासमोर.”

पुंजारामनं मान वर केली. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून प्रणयनं डब्यात टाकलेली फुटकी शिट्टी डोकावत होती.

“काय म्हनला सोमनाथ?”

“काही नाही. पण त्यांना संशय आला तर... मामा, थोडे दिवस येऊ नका.” तिनं डोळे पुसले.

“रडू नगं. त्याचा राग मला ठावं हाय, माझ्यावरच गेलाय त्यो.” पुंजारामनं काठी उचलली. “लांबून का व्हईना, नातू बघितला. लई झालं.”

ते उठले. दोन पावलं गेले आणि थांबले.

“चहाची मातर सवय लागली बघ, पोरी.”

“चहा?”

“खाली दगडावर ठिवती न्हवं तू? तुमी गेल्यावर मी उतरतो, पितो. घरी थर्मास धुतो, अन् रविवारी येताना परत तिथंच ठिवतो. पर मला शुगर निघाली, हे तुला कुणी सांगितलं गं? साखरेचा कण नसतो त्यात. अन् आलं असं ठेचल्यालं, थेट सोमनाथच्या आईवानी.”

सायलीनं वळून खाली पाहिलं. लिंबाखाली कुणीच नव्हतं. दुखऱ्या गुडघ्याचा सोमनाथ पायवाटेनं झपाझप वर येत होता. एका हातात थर्मास होता, दुसऱ्या हातात दोन कप.