रणधीरची भाषा

"सफरचंद कशाला सांगतीस मला?" बानूबाई म्हणाली. "त्यो इथं आल्यावर भाकरीच खाणार हाय."

मोनिकानं फळांच्या चित्रांचा तक्ता गुंडाळून ठेवला. सास्तूरमध्ये ती शाळकरी पोरांना इंग्रजी बोलायला शिकवायची. या वर्गात कधी साठीची धनगरीण येऊन बसेल, असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"मग कुठले शब्द पाहिजेत, मावशी?"

"घरातले. ये, बस, जेव, थांब. रणधीर येणार हाय आमच्याकडं. आमच्या प्रेमचा रणधीर. आठ वर्साचा झालाय, पर मराठी कायबी कळत न्हाय त्याला. सगळं इंग्रजीच."

प्रेम हा बानूबाईचा एकुलता एक लेक. फौजेत होता. मागच्या वर्षी सरहद्दीवर त्याला वीरमरण आलं, तेव्हा सगळं गाव लोटलं होतं. त्याच्या मागं कुणी आहे, हे मात्र मोनिकाला ठाऊक नव्हतं. तिनं खोदून विचारलं नाही.

"ये म्हणजे कम," ती म्हणाली.

"कम," बानूबाई म्हणाली आणि लाजून पदर तोंडाला लावला.

बानूबाईला अक्षर येत नव्हतं. शिकलेला शब्द ती दिवसभर मेंढरांमागं तोंडात घोळवायची. एका सकाळी नवरा गोरोबा चहाची कपबशी घेऊन उंबऱ्यात आला, तर ही एकदम कडाडली, "सिट!"

गोरोबा मटकन खाली बसला. अर्धा चहा धोतरावर सांडला.

"आगं, माझ्यावर कशाला हुकूम?"

"बगत हुते, जमतंय का."

गोरोबा हसला खरा. पण त्याला हे सगळं पटत नव्हतं. छावणीतल्या साहेबानं फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, की प्रेम गेल्यापासून रणधीर नीट जेवत नाही, कुणाजवळ जात नाही. महिनाभर ठेवून बघा. नाही रमला, तर परत नेऊ. तिकडं अशांसाठी संस्था आहे.

"जीव लावायचा, अन् त्यांनी पुन्ना उचलून न्यायचं," गोरोबा म्हणाला. "दुसऱ्यांदा सोसंल का तुला?"

"म्हनून तर शिकतीया," बानूबाई म्हणाली.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी तिनं मोनिकाला विचारलं, "भिऊ नगं, म्या हाय, असं कसं म्हनायचं?"

"डोन्ट वरी, आय ॲम हिअर."

"एवढं लांबलचक न्हाय कळायचं त्याला. बारकं सांग."

"आठ वर्षांच्या मुलाला कळतं, मावशी."

बानूबाई नुसती हसली. "बारकंच सांग."

मोनिकानं थोडा विचार केला. "मग नुसतं 'ईझी' म्हणा. हळू आवाजात, पाठीवर हात फिरवत. आणि आजीला इंग्रजीत ग्रँडमदर म्हणतात. तो तुम्हाला तसं म्हणेल."

"त्यो कुटला म्हनतोय! त्यो मला कायबी म्हनायचा न्हाय."

मोनिकाचे डोळे भरून आले. बाप गेल्यावर लेकरं मुकी होतात, असं तिनं ऐकलं होतं. तिनं बानूबाईकडून फी घेतली नाही.

सोमवारी दुपारी फौजेची गाडी दारात थांबली. बानूबाईनं सकाळीच अंगण सारवलं होतं. प्रेमची जुनी घोंगडी झटकून सावलीत अंथरली होती. गल्लीतली माणसं गोळा व्हायला लागली, तसं गोरोबानं हात जोडून सगळ्यांना लांब थांबवलं.

जवानानं मागचं दार उघडलं. आत रणधीर कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

बानूबाई गाडीजवळ गेली. महिनाभर घोकलेले सगळे शब्द पुसून गेले. मग तिनं डोळे मिटले, आणि त्यातला एक तेवढा हाताशी आला.

"कम," ती म्हणाली. "कम, रणधीर."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग तो उठला. खाली उतरला. तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"ईझी," बानूबाई कुजबुजली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "ईझी, माज्या लेकरा."

त्यानं हळूच तिच्या मांडीला डोकं टेकवलं. गोरोबानं तोंड फिरवून फेट्याच्या शेवानं डोळे पुसले.

जवान पुढं आला. तो म्हणाला, "आई, प्रेम गेल्यापासून आज पहिल्यांदा यानं शेपूट हलवलं."