सावीची संकष्टी

डॉक्टर मॅडमनी आईला परत विचारलं, "बेशुद्ध पडली त्या दिवशी सावीने काय खाल्लं होतं?"

आई म्हणाली, "नेहमीसारखंच." माझं डोकंच फिरलं. सहा वर्षांची माझी बहीण समोर सलाईन लावून पडलेली आणि ही लाजेपायी खोटं बोलतेय. मी म्हटलं, "काही नाही खाल्लं. आईबरोबर संकष्टी धरते ती. या खेपेला तर दिवसभर नुसतं पाणी. मागच्या दोन खेपेला पडली तेव्हापण संकष्टीच होती."

"म्हणजे देवाचं काहीतरी चुकतंय," आईबरोबर आलेली काकू म्हणाली. "म्हणून तर या खेपेला तिचा फराळपण बंद केला. आणि तू नववीत शाळा सोडलेली, डॉक्टरांना काय शिकवतेस?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "शिकवू दे तिला. हे मला आधीच कळायला हवं होतं."

रक्ताचा रिपोर्ट आठवड्याने आला. पोट रिकामं राहिलं की आपलं शरीर चरबी जाळून भागवतं. सावीच्या शरीराला ते जन्मापासून जमतच नाही. मॅडम म्हणाल्या, "वेळेवर खाल्लं तर शाळेत जाईल, पळेल, मोठी होईल. उपाशी मात्र कधीच ठेवायची नाही."

पुढच्या संकष्टीला संध्याकाळी मी भांडायच्या तयारीतच स्वयंपाकघरात उभी होते. आईने नैवेद्याच्या आधी सावीपुढे वरणभात ठेवला.

सावी म्हणाली, "अगं, चंद्र कुठे उगवलाय अजून?"

"उगवेल त्याच्या वेळेला," आई म्हणाली. "तू जेव."