नवा कठडा

आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहून सुतार नवा कठडा सकाळपासून घासत होता. कोर्टात पुकारा करणारा म्हातारा शिपाई कुरकुरला, "किती गुळगुळीत करशील बाबा? इथे कोण हौसेने येतंय?" "म्हणूनच, काका. निकाल ऐकताना माणूस कठडा घट्ट धरतो. मला शिक्षा झाली, तेव्हा जुन्या कठड्याचं कुसळ तळहातात घुसलं होतं. आत गेल्यावरही आठवडाभर ठणकत होतं." रंधा धरायलाही तो तुरुंगातच शिकला होता. शिपाई त्याला निरखून बघत राहिला आणि बाहेर निघून गेला. थोड्या वेळाने व्हरांड्यातून निकालाच्या दिवशीचाच खणखणीत आवाज आला, "सुतार हाजीर हो!" सुताराच्या हातांनी आपोआप कठडा आवळला. काहीच टोचलं नाही. शिपाई दारातून डोकावला. "सवय जात नाही बघ! चहा गार होतोय." कठडा सोडून सुतार हसत बाहेर आला.