वळणावळणावर देव

होणारी सून डानाई अथेन्ससारख्या शहरात वाढलेली, देवाधर्माचं काही मानते की नाही, याची म्हाताऱ्या मानूसोसला धास्ती होती. म्हणून रविवारी त्याने तिला गाडीत शेजारी बसवलं आणि क्रीट बेटाच्या डोंगरातली गावं दाखवायला नेलं. एका बाजूला कडा, खाली दरी आणि लांबवर समुद्र. चर्च दिसलं की मानूसोस रिवाजाप्रमाणे स्टिअरिंग सोडायचा, डोळे मिटायचा आणि छातीवर क्रूसाची खूण करायचा. त्या घाटात चर्चं काय, वळणावळणाला!

संध्याकाळी उंबऱ्यातूनच तो बायकोला म्हणाला, "आर्गिरो, पोरीने मन जिंकलं गं! मी एकदा खूण केली की ती दोनदा करायची. परतताना तर चर्च नसलं तरी, नुसतं वळण आलं तरी हात जोडून पुटपुटत होती. एवढी भाविक पोर पुन्हा मिळायची नाही, उडवून टाकू बार!"

आर्गिरोने ऑलिव्ह निवडता निवडता मानही वर केली नाही.


"लग्नाआधी मी तरी कुठे देव मानत होते रे म्हाताऱ्या? तुझ्या गाडीत बसायला लागले, तेव्हापासून मानते."