कोण टाकतंय या लिंका?

इंटरनेटवरच्या सर्चचे नियम बदलले आणि सारसोळ्याच्या मितेशची ताज्या मासळीची वेबसाइट पहिल्या पानावरून पार तळाला गेली. कारण शोधलं, तर ज्योतिष, लॉटरी, टकलावरचं तेल असल्या भंगार साइटवर कोणीतरी त्याची लिंक चिकटवत सुटलं होतं. नव्या नियमात ही चक्क साइटवाल्यानेच केलेली फसवणूक, म्हणून साइट खाली. सकाळी त्या लिंका काढून घ्याव्यात, तर दुपारी नव्या हजर!

"कोणीतरी धंदा बुडवायला बसलाय माझा," मितेश फोनवर मित्राला ओरडला. "एकदा सापडू दे, हातच तोडतो त्याचे!"



मासळीचे हात पदराला पुसत आईने मोबाइल उचलला. "आज पन ऑर्डर नाय आली का रं? थांब, तुजी लिंक अजून चार ठिकानी टाकते."