मानलेली खूण

अमीरबीची कबर नाहीशी झाल्याचं गौस पिंजाऱ्याला शबेबरातीच्या दिवशी कळलं. त्या दिवशी आपल्या माणसांच्या कबरीवर जायचं, म्हणून तिथं घालायचा हिरवा सब्जा आणि उदबत्त्या घेऊन तो सकाळीच माळावर आला, तर सगळा माळ सपाट. प्लेगात गेलेल्यांच्या कबरी तशाही कच्च्याच होत्या. उशाला एकेक रानदगड, एवढीच ओळख. रस्त्याच्या कंत्राटदाराच्या गाड्यांनी ते दगड खडीसाठी उचलून नेले होते आणि मातीचे उंचवटे पावसानं, गुरांनी बसवले होते. सगळ्यांची डोकी उत्तरेला आणि तोंडं पश्चिमेला, एवढं गौसला ठाऊक होतं. दिशा होती, जागा नव्हती.

दफनाच्या दिवशी काय काय दिसलं होतं ते आठवून त्यानं जागा जुळवायला बघितली. पुढंमागं सरकून जोतिबाच्या डोंगराचं टोक माळावरच्या बाभळीच्या शेंड्यावर आणलं, की टेंबलाईचं देऊळ विहिरीवरून बाजूला सरकायचं. देऊळ जुळवावं, तर बाभूळ सुटायची.

माळाच्या दुसऱ्या कडेला सरकारी मोजणी चालली होती. तिपाईवर सपाट फळी होती, फळीवर कागद, आणि मोजणीदार जोतीराम एक डोळा मिटून पट्टीवरून डोंगराकडं बघत होता. त्याचा साखळीवाला गुंडू निशाण धरून उभा होता. हा माणूस कधीपासून घुटमळतोय हे बघून गुंडूनं काय हरवलं म्हणून विचारलं. बायकोची जागा सापडंना, असं गौसनं सांगितलं. बाई रुसून गेली असणार, असं गुंडूला वाटलं.

"मग फौजदाराकडं जावा की, पावणं," तो म्हणाला. "हितं डोंगर हरवला तरच सापडतोय."

गौसनं हातातला सब्जा पुढं केला. गुंडूनं निशाण खाली घेतलं.

जोतीरामनं सगळं ऐकून घेतलं. तुमच्यात घरात बसून दुवा मागितली तरी पोचते म्हणतात, असं तो समजुतीनं म्हणाला.

"दुवा पोचंल की, साहेब," गौस म्हणाला. "पर मी कुठं पोचायचं?"

मग जोतीरामनं त्याला फळीजवळ घेतलं आणि त्या दिवशी काय दिसलं ते एकेक करून विचारलं. गौसनं सांगितलं. प्लेगच्या मयताला हात लावायला कुणी तयार नव्हतं म्हणून तोच खड्ड्यात उतरला होता. आतून फक्त बाभळीचा शेंडा आणि त्याच्यावर जोतिबाचं टोक दिसत होतं. वर येऊन वळला, तेव्हा टेंबलाईचं देऊळ बरोबर विहिरीच्या माथ्यावर होतं. माती लोटून झाल्यावर दम घ्यायला उभा राहिला, तेव्हा दक्षिणेला कात्यायनीच्या खिंडीत ओढ्याकाठची एकटी शिंदी उभी होती. एवढंच. बाकीचं त्याला आठवत नव्हतं.

गुंडू निशाण घेऊन बाभळीकडं गेला, तिथून विहिरीवर, तिथून शिंदीपाशी. जोतीरामनं तिन्ही ठिकाणं कागदावर घेतली. डोंगर तिथं आधीच ठिपके होऊन बसले होते. त्यानं जोतिबाच्या ठिपक्यापासून बाभळीवरून रेघ ओढली, टेंबलाईपासून विहिरीवरून दुसरी. गौस फळीवर वाकून बघत होता. कागदावर जिथं काहीच नव्हतं तिथं त्या दोघी एकमेकींना छेदल्या, आणि कात्यायनीपासून शिंदीवरून ओढलेली तिसरी रेघही तिथंच आली. तिघी एका टिंबात मिळाल्या नाहीत. त्यांच्यामध्ये तांदळाच्या कणीएवढा त्रिकोण राहिला.

"ह्यात हायत तुमच्या मालकीण," जोतीराम म्हणाला.

गौसनं बोट जवळ नेलं आणि मागं घेतलं. जोतिबा कुठं आहे ते कागदाला कसं कळलं, असं त्यानं विचारलं. जोतीराम म्हणाला, पलीकडच्या डोंगरावरून मोजून. तो डोंगर त्याच्या पलीकडच्यावरून. असं मागं मागं जात माळव्यात कल्याणपूर म्हणून गाव लागतं. तिथल्या टेकडीवर एक खूण आहे. सगळा हिंदुस्थान त्या खुणेपासून मोजलाय.

"आन् ती खूण कशावरनं मोजली?"

जोतीरामनं पेन्सिल खाली ठेवली. "तारं बघून बघून ठरवली. पर शेवटाला मानलीच. पृथ्वी केवढी, तेबी मानलंय. आख्खी कुणी बघितलीया?"

"भाऊ मानत्यात, तसं?"

"तसंच. एकदा मानला की मागं फिरायचं न्हाय."

गौसनं वर बघितलं. थंडीच्या स्वच्छ हवेत जोतिबाचा डोंगर जवळ आल्यासारखा दिसत होता. जन्मापासून तो तिथंच होता आणि तो तिथंच का, असं गौसला कधी वाटलं नव्हतं. कुठल्या न बघितलेल्या गावात कुणी एक खूण मानली, आणि तिच्या भरवशावर एवढाले डोंगर कागदावर आपापल्या जागी उभे होते. त्याच कागदावर, त्यांच्या मधोमध, अमीरबी होती.

माळावर त्रिकोणाच्या तीन टोकांना तीन निशाणं रोवली. कागदावरची कणी इथं घराच्या खोलीएवढी झाली. ह्यातली कुठलीबी जागा माना, चूक म्हणणारा कुणी न्हाय, असं जोतीराम म्हणाला.

"आत आनखी कुनाकुनाची मानसं असतील, साहेब," गौस हळूच म्हणाला. "मी मानायचं, आन् दगड दुसऱ्याच्या उरावर यायचा."

जोतीराम फळीकडं परत गेला नाही. टोपी काढून तिथंच थांबला.

गौसनं चपला काढल्या. त्रिकोणाच्या कडेनं फिरत, गादीत कापूस पसरावा तसा त्यानं सब्जा आत सगळीकडं सारखा पसरला. मग हात वर करून आत असतील तेवढ्या सगळ्यांसाठी दुवा मागितली.

दुवा संपवून त्यानं तोंडावरून हात फिरवला, तेव्हा गुंडू ओढ्याकडून येत होता. कुणी सांगितलं नसताना त्यानं एक मोठा दगड खांद्यावर घेतला होता. तो गौसशेजारी येऊन उभा राहिला आणि वाट बघू लागला.

दगड कुठं ठेवायचा, ते गौसनं अजून सांगितलं नव्हतं.