तोंडपाठ

चंद्राबाईंच्या दारात परका माणूस आला की त्याला पाणी नंतर, आधी प्रभूची प्रार्थना म्हणून दाखवावी लागे. बिरवाडीत ख्रिस्ती घर ते एकच, आणि देवाचं नाव घेऊन फसवायला येणारे ढीगभर. गळ्यात क्रूस अडकवून आलेला एक भामटा दुसऱ्याच ओळीला अडखळला, तेव्हा बाईंनी त्याला पार वेशीपर्यंत केरसुणी घेऊन पिटाळला होता.

मग लाकडाच्या ठेकेदाराकडे कामाला असलेला मुंबईचा योहान बाईंच्या लेकीला, मार्थाला, मागणी घालायला आला. महाडचे पाद्री म्हणाले, "बाई, पंधरा दिवस थांबा. मुंबईला पत्र टाकून चौकशी करतो."

"कागद कोन पण लिवील, पाद्रीसाहेब. माझी परीक्षा मी घेते."

योहानाने डोळे मिटून प्रार्थना म्हटली. मोहापासून राखण्याची विनवणी आली तिथे त्याने छातीवर हातसुद्धा ठेवला. लग्न मुंबईच्या ख्रिस्ती देवळात लावतो म्हणाला, आणि चंद्राबाईंनी लेक त्याच्या हाती दिली.

नाताळाच्या आधी मार्था एकटीच परत आली, पोटुशी. लग्न लागलंच नव्हतं. त्याला बायको होती, पोरं होती. योहान हे नावसुद्धा त्याचं नव्हतं.

"पन एक अक्षर चुकला नाय गो मेला!" चंद्राबाई कपाळ धरून बसल्या.

मार्था भिंतीकडे बघत म्हणाली, "कसा चुकंल, आये? महिनाभर नदीवर मीच घोकून घेतली त्याच्याकडनं."